नऊ हँडिकॅपवाले

आमच्या ह्यांना लोक चष्मेवाले म्हणतात. बाजाराच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानाला लागून आमचं चष्म्यांचं दुकान आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत हे डोळे तपासतात आणि बाहेर काउंटरवर मी बसते. गिऱ्हाइकापुढे आरसा धरायचा, त्याच्या नाकावर एकामागून एक फ्रेमा चढवायच्या आणि 'ही तुम्हाला शोभते' असं न हसता सांगायचं, ही माझी नोकरी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दिवसभर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतो. फक्त रविवारी हे माझे नसतात. रविवारी हे गोल्फचे असतात.

गोल्फ म्हटलं की लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात, जणू आमच्या घरामागे गाड्यांची रांग उभी आहे. तसलं काही नाही हो. गावाबाहेर पाण्याच्या टाकीपलीकडे एक उघडं मैदान आहे, त्यात नऊ खड्डे. त्यांना होल म्हणायचं. होलभोवती गवत बारीक कापून गालिच्यासारखं केलेलं असतं, ते ग्रीन. बाकी सगळीकडे गवत आपल्या मर्जीने उगवतं. कडेला पत्र्याच्या छपराचं क्लबहाउस आणि पुढे व्हरांडा. चहा बरा मिळतो, ऑम्लेट बरं नसतं.

ह्यांना तिथे नेलं दातांच्या डॉक्टरांनी. वाचायचा चष्मा करायला दुकानात आले होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या चौघांतला एक बदली होऊन गेला. चौथा माणूस पाहिजे. येता का?" हे गेले, आणि तेव्हापासून जातच आहेत. म्हणजे मुळात ह्यांना जागा भरायला घेतलेलं. कोणी तसं बोलून दाखवलं नाही, पण ह्यांच्या मनातून ते कधी गेलं नाही. रविवारी ताप असला तरी हे जायचे. "मी नाही गेलो तर ते चौथा शोधतील," म्हणायचे. मी म्हणायची, "शोधू द्या. एका दिवसासाठी शोधतील." त्यावर हे माझ्याकडे असे बघायचे की मला काही म्हणजे काही कळत नाही.

उरलेले दोघे म्हणजे एक बांधकामाचे कंत्राटदार, ज्यांना सगळे सिमेंट म्हणतात, आणि एक निवृत्त हेडमास्तर. सिमेंटचा आवाज मोठा, पोट मोठं, आणि मन मोठं आहे असा त्यांचा स्वतःचा समज. हेडमास्तर अगदी सज्जन. चुकीचं काही दिसलं की खाली मान घालतात, एवढे सज्जन.

मी त्यांच्या गप्पा पहिल्यांदा नीट ऐकल्या त्या आमच्याच घरी. पाऊस लागला म्हणून खेळ अर्धा टाकून चौघं आमच्याकडे चहाला आले. दारात चिखलाने माखलेले चार जोड आणि हॉलमध्ये चार प्रौढ पुरुष. तासभर विषय एकच, बूट. दातांच्या डॉक्टरांनी नवीन बूट घेतले होते. त्यांना लेसच नव्हती. घोट्याजवळ एक छोटं चाक, ते फिरवलं की बूट आपोआप आवळतो. सिमेंटने तो बूट हातात घेऊन चाक इतक्या वेळा फिरवलं की मला वाटलं आता त्यातून गाणं लागणार.

"तळाला रबराचे दाते आहेत," डॉक्टर म्हणाले. "लोखंडी खिळ्यांचे दिवस संपले. ग्रीन खराब होते."

"पण पकड लोखंडाचीच," हेडमास्तर म्हणाले. "रबरावर मी मागच्या महिन्यात असा घसरलो, की चेंडू राहिला जागेवर आणि मी गेलो पुढे."

"तुम्ही गेलात ते बरं झालं, चेंडू गेला असता तर तळ्यातच गेला असता," सिमेंट म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

ह्यांनी आपला बूट उचलून दाखवला. दोनदा तळ बदललेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला. हे तो दर शनिवारी बाल्कनीत बसून पुसतात. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर महिना महिना लक्ष नसतं, पण त्या बुटांना मलम लावल्यासारखं पॉलिश लागतं. डॉक्टरांनी बूट पाहिला आणि म्हणाले, "चष्मेवाले, तुम्हाला बुटांची काय गरज? तुमचा हँडिकॅप नऊ. तुम्ही अनवाणी खेळलात तरी चालेल."

तेव्हा ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. आमची मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही इतका उजळला नव्हता.

हँडिकॅप म्हणजे काय, ते मला ह्यांनी जेवता जेवता शंभर वेळा समजावलं आहे. कच्च्या खेळाडूला काही फटके माफ असतात. जो जास्त कच्चा, त्याला जास्त माफी. अठरा हँडिकॅपवाल्याला अठरा फटके सोडून देतात, नऊवाल्याला नऊच. त्यामुळे कच्चा आणि पक्का एकत्र खेळू शकतात. आणि आकडा जितका लहान, तितका माणूस मोठा. दहाच्या आतला आकडा असणारे आमच्या क्लबात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्लबहाउसच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर सगळ्यांचे आकडे. डॉक्टर चौदा, सिमेंट सोळा, हेडमास्तर वीस. आणि चष्मेवाले नऊ. शाळेत हे कधी पहिल्या दहात आले नाहीत, दुकान कधी बाजारातलं पहिलं झालं नाही, माझ्या माहेरच्या माणसांनी ह्यांना कधी मोजलंच नाही. आयुष्यात एवढीच एक जागा, जिथे ह्यांचं नाव वर होतं.

आणि तिथेच ह्यांच्या हाताने दगा दिला.

लांबचे फटके ह्यांचे अजूनही छान जातात, असं सगळे म्हणतात. भानगड होती ती शेवटच्या टप्प्यात. चेंडू ग्रीनवर आला, होल समोर, आता फक्त हळूच ढकलायचा. त्याला पटिंग म्हणतात. ते लहान मुलालाही जमावं. पण ह्यांनी पटर, म्हणजे ती ढकलायची काठी, हातात घेतला, मागे नेला, की चेंडूला लागायच्या क्षणी उजव्या मनगटाला एक झटका यायचा. चेंडू एकतर होलाच्या बाजूने पळायचा, नाहीतर अर्ध्यावरच बसायचा. चेंडू जितका जवळ, झटका तितका मोठा.

मी ह्यांना डॉक्टरकडे नेलं. खऱ्या डॉक्टरकडे, दातांच्या नव्हे. त्यांनी हात वाकवून, बोटं दाबून पाहिली. काही नाही म्हणाले. मलाही ते माहीत होतं. दुकानात हे चष्म्याच्या काडीतला स्क्रू बसवतात, तो तांदळाच्या कणीहून लहान. एका दमात बसवतात. तोच हात, तेच मनगट. रविवारी मात्र भूत शिरतं.

मग उपाय सुरू झाले. डावा हात खाली, उजवा वर. मग पटर लांब घेतला, छातीपर्यंत येणारा, झाडूसारखा. मग डोळे मिटून. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर काचेचा पेला आडवा ठेवायचा आणि संध्याकाळभर टक, टक, टक. घरी शंभरातले नव्वद चेंडू पेल्यात जायचे. मी टीव्हीचा आवाज वाढवायची, तरी तो टक टक कानात शिरायचा.

"घरी जातात की!" मी म्हणायची.

"घरी कोण बघतंय?" हे म्हणायचे.

म्हणजे मी कोणीच नव्हे. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

एवढा हात बिघडूनही फळ्यावरचा नऊचा आकडा मात्र हलला नाही, कारण त्यांच्यात एक रीत आहे. चेंडू होलाच्या अगदी जवळ असला, की समोरचा म्हणतो, "दिला. उचला." म्हणजे हा जाणारच, घालायची गरज नाही, गेला असं धरून कार्डावर लिहायचं, आणि फळ्यावरचा आकडा त्या कार्डांवरूनच ठरतो. मित्रामित्रांत हे चालतं. आधी ह्यांना वीतभर अंतराचा चेंडू द्यायचे. मग हातभर. मग दोन हात. हे घरी येऊन सांगायचे, "आज डॉक्टरांनी मला केवढा लांबचा दिला! मान ठेवतात गं माझा."

मी विचारायची, "मग चहा-नाश्ता दर वेळी तुम्हीच का देता? दर रविवारी तुम्हीच कसे हरता?"

"महत्त्वाचा चेंडू कोणी देत नाही. तो घालायलाच लागतो. तिथे झटका येतो."

त्यांचा खेळ होलाहोलाचा. प्रत्येक होल कोणीतरी जिंकायचा, आणि शेवटी ज्याचे सर्वांत कमी होल, त्याने सगळ्यांना चहा-नाश्ता द्यायचा. हे मला ऐकून माहीत होतं. पण मी काउंटरवर बसणारी बाई, त्यातली मेख माझ्याही डोक्यात शिरली नाही.

यंदा दुसऱ्या गावच्या क्लबाशी ज्येष्ठांचा सामना ठरला. आमच्याकडून चारच जण जाणार. छातीवर क्लबाचं चिन्ह असलेला निळा शर्ट मिळणार. आकड्याप्रमाणे पाहिलं तर ह्यांची निवड झाल्यातच जमा होती. पण नव्या सेक्रेटरींनी अट घातली. ज्याला संघात यायचंय त्याने आधी क्लबाच्या कपमध्ये खेळायचं, आणि कपमध्ये प्रत्येक चेंडू होलात घालायचा. 'दिला, उचला' बंद. एकूण एक फटका मोजायचा.

गेली काही वर्षं कपच्या दिवशी ह्यांची पाठ धरायची, नाहीतर दुकानात माल यायचा. यंदा पाठ धरली नाही. निळ्या शर्टाने डोळ्यांवर झापड आणली. मी विचारलंही, "झटक्याचं काय?"

"नऊ हँडिकॅप काही उगाच मिळत नाही," हे म्हणाले. फळ्यावर लिहिलंय, म्हणजे खरं असणार. इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासले, पण तो फळा मात्र ह्यांनी कधी तपासून पाहिला नाही.

कपच्या दिवशी घरच्या मंडळींना व्हरांड्यात बसायला बोलावतात. मीही गेले. शेवटचा होल व्हरांड्यासमोरच आहे. हे येताना दिसले तेव्हाच मला कळलं. चालण्यात जीव नव्हता. चेंडू ग्रीनवर आला, होलापासून दोन हातांवर. रविवारी असता तर 'दिला' म्हणून उचलला असता. ह्यांनी ढकलला, तो पलीकडे गेला. पलीकडून ढकलला, परत अलीकडे. तिसरा कडेवरून फिरून बाहेर. व्हरांड्यातल्या बायका आधी गप्प झाल्या, मग मुद्दाम एकमेकींशी बोलायला लागल्या. चौथा होलाच्या काठावर थांबला. पाचवा गेला. ह्यांनी वाकून चेंडू काढला, पुसला आणि खिशात घातला. मला उठून जावंसं वाटलं, आणि कुठे जायचं ते कळेना.

हे हातपाय धुवायला गेले. मी चहा सांगायला आत वळले. चहाच्या खोलीला लाकडी फळ्यांची आडभिंत आहे. पलीकडे तिघं बसले होते.

"वाईट वाटलं हो," हेडमास्तर म्हणाले. "आपण आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगणार? तुम्ही वाईट खेळता म्हणून?" डॉक्टरांचा आवाज. "वाईट आता आपल्याला वाटणार. सेक्रेटरी ह्यांचा आकडा दुप्पट करतील. नऊ माफ होते तेव्हा चहा पाजत होते. आता सतरा-अठरा माफ झाले तर दर रविवारी आपल्याला पाजायला लागेल."

सिमेंट हसले. "चष्मेवाले हरलेल्या होलवर आपण 'दिला' म्हणायचो, आणि त्यांना वाटायचं, काय दिलदार माणसं! अहो, तो होल तर आधीच आपल्या खिशात! चेंडू दिला काय आणि नाही दिला काय! आकडा तेवढा खाली राहिला, आपलं काम झालं."

हेडमास्तरांनी खाली मान घातली असणार. दुसरं त्यांना येतं काय!

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्या चेंडूने काही बिघडत नव्हतं तो द्यायचा, ज्याने बिघडत होतं तो द्यायचा नाही. कार्डावर नऊचा मान आणि टेबलावर चहाचा भुर्दंड. ह्यांना वर चढवून ठेवलं होतं, ते सोयीसाठी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आत जाऊन सिमेंटच्या डोक्यावर किटली उपडी करावी असं वाटलं. केली नाही, कारण हे मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. "चल," एवढंच म्हणाले.

गाडीत मी सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. हे समोर बघून गाडी चालवत राहिले. आमच्या गल्लीत वळल्यावर म्हणाले, "तुला खेळातलं काय कळतं?"

"खेळातलं नसेल कळत. माणसांतलं कळतं."

"ते माझे मित्र आहेत."

"ते तुमच्या जिवावर चहा पितात!"

ह्यांनी गाडी लावली आणि मला सोडून जिना चढून गेले. रात्री पेला सतरंजीवर आला नाही.

निळा शर्ट दुसऱ्याला गेला. पुढच्या आठवड्यात फळ्यावरचा आकडा पुसून सतरा झाला. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, आता सतरा फटके माफ, आता कोण कोणाला चहा पाजतो ते बघू. रविवारी मी हट्टाने सोबत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हे नको म्हणाले नाहीत, हो सुद्धा म्हणाले नाहीत.

व्हरांड्यात बसून मी वाट बघत होते. चौघं शेवटच्या होलाकडे आले तेव्हा लांबूनच कळलं की काहीतरी वेगळं आहे. डॉक्टर बोलत नव्हते. सिमेंटचा आवाज नव्हता. हेडमास्तरांनी येता येता मला हळूच सांगितलं, "वहिनी, आज चष्मेवाले पुढे आहेत. हा होल घेतला तर सगळ्यांत जास्त त्यांचेच." मी खुर्चीत सरळ झाले. जिंका हो, मनात म्हटलं, एकदा जिंका आणि त्या तिघांची तोंडं बघा.

चेंडू होलापासून वीतभर होता. वीतभर! फुंकर मारली असती तरी गेला असता. हे पटर घेऊन उभे राहिले आणि सवयीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटाचं चाक फिरवत होते. ह्यांनी सिमेंटकडे पाहिलं.

"घालावा लागेल, चष्मेवाले," सिमेंट म्हणाले. "सतरा-सतरा फटके सोडतोय आम्ही तुम्हाला. आता अजून काय काय द्यायचं?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तो बँकेतला नवा मॅनेजर विचारत होता हो, जागा आहे का म्हणून. हँडिकॅप अकरा आहे म्हणे."

हे ऐकून ह्यांनी पटर चेंडूमागे टेकवला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग वाकले, वीतभरावरचा तो चेंडू हाताने उचलला आणि म्हणाले, "जाऊ द्या. नाही जायचा माझ्याच्याने. हा होल तुमचा." आणि लगेच, खूप मोठ्या आवाजात, "काय मागवू? डॉक्टर, तुम्हाला ऑम्लेट ना?"

सिमेंटने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सगळे पुन्हा हसायला, बोलायला लागले. मी पाहिलं होतं. हात हलला नव्हता. झटका आलाच नव्हता.

चहा झाल्यावर हे सेक्रेटरींच्या खोलीत गेले. मी दाराशीच उभी होते. हे म्हणाले, "साहेब, कपच्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती. तो दिवस धरू नका. मला परत नऊच ठेवा." सेक्रेटरी म्हातारे, भले गृहस्थ. म्हणाले, "लोक वाढवून मागायला येतात, तुम्ही कमी करून मागताय! स्वतःचंच नुकसान करून घेताय. माझी काय हरकत असणार?" आणि उठून खडू घेतला.

घरी आल्यावर राहवेना. रडू येत होतं आणि रागही. म्हटलं, "सगळं माहीत असून? त्या माणसांसाठी?"

हे खुर्चीत बसले. खूप दमलेले दिसत होते. "सतरावाल्याला रविवारी कोण बोलावतं गं?" म्हणाले. "नऊवाला आहे म्हणून बोलावतात. चहा पाजतो म्हणून बोलावतात. पण बोलावतात ना? नाहीतर रविवारी मी करणार काय? कोणाकडे जाणार?"

"रविवारी मी असते की घरी," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट हेतू नव्हता, ते मला शपथेवर सांगता येईल. उलट समजूत घालावी तसे हळू आवाजात म्हणाले, "तू काय, तू तर असतेसच."